खांबाभोवती शोकेस: आधी पुठ्ठा, मग प्लाय

प्रश्न : आमच्या वाचनालयात मधोमध गोल आरसीसी खांब आहे. त्याभोवती करंडक आणि जुने दिवाळी अंक ठेवायला सात फुटी शोकेस करायची आहे. बेळगावात सीएनसी राउटरवर (संगणकाच्या ड्रॉइंगप्रमाणे कापणाऱ्या यंत्रावर) प्लाय कापून मिळेल, पण ड्रॉइंग आम्हीच द्यायचं आहे. पुढे काचाही लावायच्या आहेत. किती शीट लागतील?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : खांब गोल दिसतो, पण गिलाव्यानंतर क्वचितच गोल राहतो. गुडघ्याशी, छातीशी आणि हात वर करून, अशा तीन ठिकाणी दोरी गुंडाळून घेर मोजा. घेर १००५ मिमी भरला तर व्यास ३२०. ओळंबा सोडून कलही बघा. मग पुठ्ठ्याची दोन अर्धी कडी कापून खांबावर खालून वर सरकवा. अडतील तिथे खूण करा. थरांमध्ये, म्हणजे शोकेसच्या आडव्या फळ्यांमध्ये, खांबासाठीचं भोक व्यासापेक्षा किमान २४ मिमी मोठं, म्हणजे इथे ३४४ ठेवा.

काचा लावायच्या असतील तर थर गोल नकोत, षटकोनी करा. ९०० मिमी व्यासाच्या गोल थरावर सपाट काच लावली, तर थराचा बाक काचेच्या रेषेबाहेर ६० मिमी येतो. वाकवलेली काच परवडणार नाही. कोपरा ते कोपरा ९०० मिमीचा षटकोन घेऊन तो कोपऱ्यांतून अर्धा केला की तुकडा ९०० × ३९० चा होतो. पाच थरांचे असे दहा तुकडे, सगळे एकसारखे. उभ्या फळ्या सहा, दर कोपऱ्याला एक, प्रत्येकी २७० × २१००.

८ × ४ फुटी, १८ मिमीच्या एका शीटमध्ये पाच अर्धे थर आणि शेजारी एक उभी फळी बसते. अशा दोन शीट, आणि तिसरीत उरलेल्या चार फळ्या. तीन शीटमध्ये काम होतं, पण तुकड्यांमध्ये १२ मिमीच अंतर ठेवता येतं. कडा फुगलेली शीट घेऊ नका. आपल्याकडच्या पावसात जमिनीलगतच्या थराला ओल धरते, म्हणून आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या.

थर आणि फळ्या एकमेकांत अडकवायच्या खाचा थराला बाहेरून आणि फळीला आतून, दोन्हीकडे १३५ मिमी खोल. आधी थर ठोकळ्यांवर उंचीला धरायचे, मग फळ्या बाहेरून खांबाकडे ढकलायच्या. एका थराचा जोड ज्या फळीवर येतो, त्याच्या वरच्या थराचा जोड ६० अंश फिरवून शेजारच्या फळीवर न्या. जोडाखाली फळीच्या दोन्ही बाजूंना एल-अँगल लावा. खांबात मात्र ड्रिल मारू नका. सळ्या फार खोल नसतात, आणि ही चौकट स्वतःच्या पायावर उभी राहते. खांबावर स्विच असेल तर त्या फळ्यांमधला भाग उघडाच ठेवा.

काचेचं माप चौकट उभी झाल्यावर घ्या, कारण टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) काच नंतर कापता येत नाही. पूर्ण उंचीची, पाच मिमीची एक काच साधारण ११ किलो होते. सहाही बाजूंना वेगळं दार लागेल, हे खर्चात धरा.

प्रश्न : राउटरवर कापून आणलेल्या खाचांत फळी जातच नाही. फाइल तर बरोबर होती.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कापल्यावर सनमायका लावला का? दोन्ही बाजूंचा मिळून दीड-दोन मिमी वाढतो. आधी चिकटवा, मग व्हर्नियरने चार ठिकाणी जाडी मोजा. '१८ मिमी' लिहिलेला प्लाय बहुधा साडेसतराच्या आसपास भरतो. खाच त्या जाडीपेक्षा ०.३ मिमी रुंद ठेवा. नमुन्याची एक खाच घट्ट बसली की मन भरतं, पण पाच खाचा एकदम सरकताना त्याच अडकतात.

दुसरं कारण कोपऱ्यातलं. राउटरच्या ६ मिमीच्या बिटने (फिरत्या पात्याने) आतला कोपरा काटकोनी होत नाही, ३ मिमीचा गोल राहतो. खाचेच्या टोकाला दोन्ही कोपऱ्यांत बिटाएवढं भोक काढून घ्या. आता कापून झालंच असेल, तर कोपरे पटाशीने साफ करा आणि खाचेच्या दोन्ही बाजूंनी सारखीच कानस फिरवा, म्हणजे मधली रेषा हलणार नाही.