नऊ वर्षांच्या मुलाला रँचवर हरणाच्या शिकारीला न्यावं का?

तुमच्या मुलाला मित्राच्या आजोबांनी टेक्सासमधल्या त्यांच्या रँचवर हरणाच्या शिकारीला बोलावलंय. तुम्हाला बंदुकीची भीती वाटते आणि त्याच्या मनावर काय परिणाम होईल याचीही. मी म्हणेन, न्या. पण तुम्ही स्वतः सोबत जा आणि पहिल्या वर्षी त्याच्या हातात बंदूक येऊ देऊ नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. लहानपणी तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरू नयेत म्हणून बाबांबरोबर माळ्यावर बसून रात्र-रात्र जागल केली आहे. डबे बडवायचे, आरोळ्या द्यायच्या, बस. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच उरला नव्हता. सासर मात्र टेक्सासच्या लॅनो काउंटीतलं मिळालं. सासऱ्यांच्या रँचवरचा ब्लाइंड, म्हणजे खांबांवर उभं केलेलं लाकडी खोपटं, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचा माळाच आठवला.

मुलगी 8 वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा नेलं. पहाटे अंधारात जाऊन बसलो. तिच्याकडे फक्त दुर्बीण. उजाडल्यावर हरणांसाठी मका टाकणाऱ्या फीडरकडे तीन माद्या आल्या, मागून एक पाडस. वारा फिरला, एकीला आमचा वास लागला, तिनं फुत्कार टाकला आणि सगळ्या पांढऱ्या शेपट्या उभारून पसार झाल्या. थोड्या वेळानं ठिपकेवाली चितळं आली! इथे त्यांना ॲक्सिस म्हणतात. 1930 च्या दशकात भारतातल्या या जातीची हरणं टेक्सासात आणून सोडली, ती आता हिल कंट्रीत, म्हणजे टेक्सासच्या मधल्या डोंगराळ भागात, मोकळी फिरतात. लेकीला मी कुजबुजत सांगितलं, ही माझ्या गावाकडची. दोन तास ती हलली नाही. मुलाला हे जमतं का, एवढंच पहिल्या वर्षी बघायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. इथल्या रहिवासी मुलांना 7 डॉलरचा युवा परवाना लागतो. 9 ते 16 वर्षांच्या मुलानं हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीतल्या सुरक्षिततेचा, कोर्स तरी केलेला हवा, नाहीतर तो केलेला परवानाधारक प्रौढ शेजारी हवा. मी दोन्ही करतो. मुख्य मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. त्याआधी ऑक्टोबरच्या अखेरीस फक्त मुलांसाठी दिवस राखलेले असतात. तेव्हाच जा, गडबड कमी असते.

बंदुकीचा सराव आधी कागदी निशाणावर, तोही .22 नं, म्हणजे अगदी कमी धक्क्याच्या छोट्या रायफलनं. लेक .243 पर्यंत, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या हलक्या रायफलपर्यंत, पोचायला दोन वर्षं गेली. मोठ्या माणसाची रायफल लहान खांद्याला देणं मला अजिबात पटत नाही. एकदा धक्का बसला की मूल डोळे मिटून चाप ओढायला लागतं, आणि मग हरीण जखमी होऊन पळतं. कानांवर संरक्षण हवंच. काडतूस ब्लाइंडमध्ये बसल्यावर भरायचं, उतरण्याआधी काढायचं.

दहाव्या वर्षी तिच्यासमोर एक देखणा नर आडवा उभा राहिला. तिनं बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं आणि मान हलवली, नाही. सासऱ्यांनी रायफलची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, लावली आणि थर्मासमधलं कोको तिच्या हातात दिलं. एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

पुढच्या वर्षी तिनं एक मादी मारली. गोळी खांद्याच्या मागे बरोबर लागली, तरी मादी साठेक पावलं धावली. आम्ही अर्धा तास थांबून रक्ताचा माग काढला. लेक तिच्याजवळ बसून रडली. मी ‘रडू नकोस’ म्हटलं नाही, तिच्या शेजारी बसलो. मग तिनंच परवान्यासोबतच्या टॅगवरचा महिना आणि तारीख कापून तो हरणाला लावला, आतडी काढताना पाय धरले. नोव्हेंबरातही तिकडे दुपारी चांगलं तापतं, त्यामुळे मांस लवकर बर्फात घालावं लागतं. ते कामही तिनं केलं. मुलांना गोळीपुरतं पुढे करायचं आणि सोलण्याच्या वेळी गाडीत बसवायचं, हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं. रात्री कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून मंद आचेवर शिजवा.

आता त्या आजोबांना आधी फोन करा. रायफल कोण सांभाळणार, त्या दिवशी रँचवर आणखी कोण शिकारीला असेल आणि ते कुठे बसतील, घरातल्या बंदुका कुलपात असतात का, हे सरळ विचारा; रँचवाल्यांना याचं वाईट वाटत नाही. शेवटी विचारा, ऐनवेळी मुलगा नको म्हणाला तर चालेल ना? उत्तर द्यायला ते अडखळले, तर या वर्षी जाऊ नका.