मायनर थ्रेट हा अमेरिकेतला हार्डकोर पंक (अतिशय वेगवान, आक्रमक रॉक संगीत) वाजवणारा बँड जेमतेम तीन वर्षे टिकला, तरीही त्याचे नाव इतके का घेतले जाते?

गायक इयन मॅकाय आणि ड्रमवादक जेफ नेल्सन यांनी, 'टीन आयडल्स' हा त्यांचा आधीचा बँड मोडल्यावर, १९८० साली वॉशिंग्टन डीसीमध्ये मायनर थ्रेट उभा केला. गिटारवादक लाइल प्रेस्लर शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्याने १९८१ मध्ये तो काही काळ बंदही पडला होता, आणि १९८३ मध्ये कायमचा संपला.

माझ्या मते मूळ कारण संगीताइतकेच त्यांच्या स्वावलंबनात आहे. टीन आयडल्सची तबकडी काढण्यासाठी सुरू केलेल्या 'डिसकॉर्ड' या स्वतःच्याच कंपनीतर्फे त्यांनी ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि सुरुवातीच्या तबकड्यांची पाकिटे तर ही मुले घरी बसून कात्रीने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवीत. 'स्ट्रेट एज' या त्यांच्या जेमतेम पाऊण मिनिटाच्या गाण्यावरून दारू, सिगारेट आणि अमली पदार्थ नाकारणाऱ्या तरुणांच्या चळवळीला नाव मिळाले. मॅकायला मात्र चळवळ काढायची नव्हती. या चळवळीची ओळख बनलेली हातावरची फुलीची खूण त्या गाण्याच्याही आधीची: अल्पवयीनांना दारू मिळू नये म्हणून क्लबमध्ये ती मार्करने काढली जाई.