काला, चहा आणि तुझा प्रोजेक्ट

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा लिहावंसं वाटलं. तुमच्या आर्टच्या वर्गात रिर्क्रित तिरावनिजा या थाई कलावंताबद्दल शिकवलं, त्यावरून तू विचारलंस की आपल्या मंडळात जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घरचं आणून काला कालवतात, तोही परफॉर्मन्स आर्टच का? आणि तोच काला तू कॉलेजच्या हिरवळीवर सगळ्यांसमोर केलास तर चालेल का?

चालेल. नुसता चालेल असं नाही, मला फार आवडेल. पण आधी तुझ्या त्या तिरावनिजाकडे वळू. १९९२ साली न्यूयॉर्कच्या ३०३ गॅलरीत त्यानं ऑफिसातलं सामान बाहेर प्रदर्शनाच्या जागेत आणून ठेवलं, मागच्या खोलीत शेगडी मांडली आणि येईल त्याला थाई करी-भात वाढला, फुकट. चित्रं बघायला आलेली माणसं ताटली घेऊन बसली आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलू लागली. ते बसणं, जेवणं, बोलणं हीच कलाकृती. मला हे मनापासून पटतं. एकच गोष्ट खटकते. तिथे तो यजमान आणि बाकी सगळे पाहुणे. रिकाम्या हातानं यायचं, जेवायचं, निघायचं.

याच्या पुढे गेलेला माणूस आपल्या शिकागोतलाच आहे, मायकेल राकोविट्झ. त्याच्या आईकडचे लोक बगदादचे ज्यू. २००३ मध्ये इराक युद्ध सुरू झालं. इथे इराक म्हटलं की टीव्हीवरच्या बाँबस्फोटांपलीकडे कुणाला काही दिसत नव्हतं, तेव्हा त्यानं आईकडून इराकी पाककृती घेतल्या आणि न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांना त्या रांधायला शिकवल्या. त्यातल्या काही मुलांचे नातेवाईक अमेरिकी सैन्यात होते. या कामाचं नाव ‘एनिमी किचन’, म्हणजे शत्रूचं स्वयंपाकघर. २०१२ मध्ये तेच नाव घेऊन शिकागोच्या रस्त्यांवर फूड ट्रक फिरला. रांधणारे इराकी आचारी, आणि त्यांच्या हाताखाली चिरायला-वाढायला इराकमध्ये लढून आलेले अमेरिकी सैनिक. हुकूम कुणी द्यायचा आणि कुणी ऐकायचा, तेच उलटं झालं. वाढायला कागदी ताटल्या होत्या, सद्दाम हुसेनच्या राजवाड्यातल्या चिनी मातीच्या ताटल्यांची नक्कल छापलेल्या. रस्त्यानं जाणारा माणूस कबाब घ्यायला थांबायचा आणि तो कबाब कुणाच्या हातून आला हे त्याला विचारावंच लागायचं. अन्न जोडतं असं आपण सहज म्हणून जातो, पण ते आपोआप जोडत नाही. खाणाऱ्याला थोडं तरी अवघडल्यासारखं व्हायला हवं, हे राकोविट्झनं अचूक ओळखलं.

आता आपला काला. गावाकडे हरिनाम सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनानं होतो. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला दिंड्या जमतात, काला होतो आणि मगच पालख्या परतीला लागतात. बाबांच्या आजोळी, वेंगुर्ल्याकडे, दशावताराच्या खेळालाच लोक दहिकाला म्हणतात. रात्रभर राक्षस आणि देव झुंजतात आणि पहाटे हंडी फुटते. खेळ आणि खाणं आपल्याकडे मुळातच वेगळं काढलेलं नाही, त्यामुळे तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे. फक्त त्यावर कुणा एकाची सही नाही.

कृष्ण गाई चारायला जायचा तेव्हा सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करून वाटायचा, ही गोष्ट तुला पाठ आहे. त्यातली खुबी बघ. कुणी ज्वारीच्या लाह्या आणल्या, कुणी पोहे, कुणी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, काकडी, डाळिंबाचे दाणे, लिंबाचं लोणचं. एकदा दही पडलं आणि हात फिरला की आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं हे निवडून काढता येत नाही. श्रीमंताघरचं डाळिंब गरिबाच्या लाहीला चिकटून येतं. आणि वारकरी तो काला एकमेकांच्या तोंडात भरवतात. एरवी उष्ट्या-खरकट्याचं सोवळं पाळणारी माणसं त्या दिवशी कुणाच्याही हातचा घास घेतात. ज्या समाजात कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं हे जातीवरून ठरत होतं, तिथे ही केवढी मोठी गोष्ट!

पण तुला अर्धंच सांगणार नाही. त्याच पंढरपुरात विठ्ठलाचं देऊळ दलितांसाठी बंद होतं. ते उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटात एकत्र नाचणारी माणसं देवळाच्या पायरीशी वेगळी होत होती. काल्यानं जे दाखवलं ते रोजच्या जगण्यात उतरायला शतकं लागली, आणि अजून पुरतं उतरलेलं नाही.

म्हणून तुझ्या मॅडमना एक हकीकत जरूर सांग. पुण्यातली, १८९० ची. भारताच्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, आनंदीबाई जोशी, इथे अमेरिकेत फिलाडेल्फियात शिकल्या, हे तुला ठाऊक आहे. त्या गेल्यानंतर त्यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनी पुण्यातल्या नामवंतांना पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानासाठी बोलावून आणलं. रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी भिडेखातर कप नुसता हातात धरला. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली! परधर्मीयाच्या हातचा चहा प्यायले म्हणून शहरात गहजब उडाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झालं, रानड्यांना आणि टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. गोपाळराव विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध, आणि लोकांना असं अडचणीत टाकणं मला बरं वाटत नाही. पण एका कप चहानं अख्ख्या पुण्याला प्रत्येकाच्या मनात काय आहे ते उघड करायला लावलं. तिरावनिजाच्या करीच्या शंभर वर्षं आधी आपल्याकडे हे घडून गेलंय, याचा मला अभिमान वाटतो आणि त्या ग्रामण्याची लाजही वाटते.

तर तुझा प्रोजेक्ट. सगळा काला एकटीनं करून वाटू नकोस. मग तो मेसचा काउंटर होईल. येणाऱ्या प्रत्येकाला मूठभर काहीतरी घरचं आणायला सांग, जे त्यांच्या घरी दुपारच्या भुकेला खातात. मेक्सिकन मुलगा भाजलेला मका आणेल, लेबनीज मैत्रीण डाळिंब आणेल. आणलेलं पातेल्यात टाकताना घरी ते कोण करतं एवढंच एका वाक्यात सांगायचं. ज्यानं काही आणलं नाही त्याला परत पाठवू नकोस, त्याला काकडी चिरायला बसव. आणि भरवायचं ते आपल्या डाव्या बाजूच्या माणसाला, मैत्रिणीला शोधत जायचं नाही. ज्यांना भरवून घ्यायला नको वाटेल त्यांना हातावर घेऊ दे, जबरदस्ती करू नकोस.

दाण्याचं काही घालू नकोस, शेंगदाण्याची ॲलर्जी इथे किती जणांना असते ते तू जाणतेसच. दूध न चालणाऱ्यांसाठी नारळाच्या दह्याचं छोटं पातेलं वेगळं ठेव, पण अगदी शेजारी. उघड्यावर खायला द्यायला कॉलेजची परवानगी लागेल, ती आधी काढ. त्यांनी हातमोजे घाला म्हटलं तर घाला, डाव मात्र वापरू नका. लाह्या आणि पोहे मी देवॉन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून घेऊन पाठवते. मीठ कालवण्याच्या अगदी शेवटी घाल, आधी घातलंस तर काकडीला पाणी सुटतं आणि लाह्यांचा लगदा होतो. तारीख ठरली की कळव, बाबांना सुट्टी टाकायला सांगते. आम्ही दोघं येऊ, आणि रिकाम्या हातानं येणार नाही.

तुझी,
आई