बार्ज बुडवला, तरी रेतीउपसा थांबत का नाही?

प्रश्न : मुंब्र्यात खाडीलगतच्या इमारतीत आम्ही राहतो. भरतीच्या रात्री खाडीतून रेती ओढणाऱ्या सक्शन पंपाची धडधड पहाटेपर्यंत ऐकू येते. मध्यंतरी पथकाने एक बार्ज (रेती वाहणारी सपाट बोट) गॅस कटरने कापून बुडवला. पंधरा दिवसांत आवाज पुन्हा सुरू झाला. आम्ही काय करावे? — एक वाचक, मुंब्रा

उत्तर : तुमचा वैताग रास्त आहे. पथकाची बोट दिसताच मजूर पाण्यात उड्या टाकून खारफुटीत शिरतात आणि हाती उरतो तो बेवारस बार्ज. गुन्हा नोंदवला जातो तो ‘अज्ञात’ इसमांवर. कायदा मात्र दुबळा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार विनापरवाना काढलेल्या गौण खनिजाच्या (रेतीही त्यातच मोडते) बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो आणि यंत्रे व वाहने जप्त करता येतात. शिवाय नदीपात्रातून रेती नेणे ही चोरीही ठरते व पोलीस तिचा स्वतंत्र गुन्हा नोंदवू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून अर्ज महसूल खात्याकडे करताना त्याची प्रत पोलीस ठाण्यातही द्या, त्यात ‘चोरी’ हा शब्द लिहा आणि पोच घ्या.

पूर्वी डुबी मारून बादलीने रेती काढत. पंप मात्र तळच पोखरतो, काठ ढासळतो आणि खारफुटीची मुळे उघडी पडतात. मुंब्र्यात तर रेल्वेचे रूळही खाडीच्या कडेने गेले आहेत, त्यामुळे ही काळजी केवळ पर्यावरणाची राहत नाही.

तरीही माझे स्पष्ट मत असे, की पाण्यावरच्या धाडींपेक्षा काठावरचा पहारा अधिक उपयोगी पडेल. बार्ज दुसरा आणता येतो, पण रेती उतरवायला धक्का आणि ट्रक जाण्याइतका रस्ता लागतोच. पहाटे निघालेल्या ट्रकमधून पाणी ठिबकत असेल, रस्त्यावर ओली रेघ उमटत असेल, तर रेती ताजी आहे. उतरवण्याची जागा, वेळ आणि वाहनाचा क्रमांक आपल्या खिडकीतूनच टिपून ठेवा. काठावर जाऊन कोणाला हटकू नका. उपसा चालू असतानाच ११२ वर फोन करा.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल, तर विकासकाकडे रेतीच्या प्रत्येक खेपेचा वाहतूक पास मागा. खाडीची रेती खारट असते. ती न धुता काँक्रीटमध्ये गेली, तर आतली सळई गंजते आणि काही वर्षांत तुमच्याच स्लॅबचे पोपडे पडू लागतात.