वेगळ्या संस्कृतीच्या समाजात विकासकाम करताना लोकांचा मान कसा राखायचा? एखादी प्रथा पटलीच नाही तर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात एका संस्थेतर्फे अनोळखी भाषेच्या, अनोळखी रीतिरिवाजांच्या लोकांत राहायला जाताय आणि नकळत कुणाचा अपमान होईल अशी धास्ती वाटते. कुठे बसायचं, कुणाला आधी नमस्कार करायचा, हे चार दिवसांत कळतं. त्यात चुकलात तर लोक हसून सोडून देतात. मन दुखावतं ते बहुतेक वेळा आपल्या कामाच्या पद्धतीने, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

माझंच सांगते. नवीन असताना मी एका आजींचा फोटो काढला. मागे पडकी भिंत, पुढे पसारा, मधे त्या. "काढू का?" असं विचारलं होतं, त्या "काढ" म्हणाल्या होत्या. तो फोटो संस्थेच्या वार्षिक अहवालात आला आणि अहवाल फिरत फिरत त्यांच्याच हातात पडला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर घर आवरून बसले असते."

परवानगी मी घेतली होती, पण फोटो कुठे जाणार, त्याखाली काय छापणार, यातलं अक्षरही बोलले नव्हते. शिवाय घरदुरुस्तीच्या यादीत नावं घालणारी मीच. त्या बिचाऱ्या मला नाही कशा म्हणणार?

तेव्हापासून कुठल्याही कामात मी आधी हे बघते की समोरच्या माणसाला काही न गमावता मला नकार देता येतोय का. येत नसेल तर त्याच्या होकाराला फारसा अर्थ नसतो. म्हणून यादी करणारा आणि फोटो काढणारा माणूस आता आम्ही वेगळा ठेवतो. फोटो छापण्याआधी त्या घरी नेऊन दाखवतो, कुठला चालेल ते घरचे सांगतात. मिळकतीचे, आजारपणाचे प्रश्न शेजारीपाजारी बसलेले असताना विचारत नाही. वेळ जातो, वरचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात संमतीला तीन अटी घातल्या आहेत: ती मुक्त हवी, आधी घेतलेली हवी आणि पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी. यातली 'आधी' ही अट सर्रास मोडली जाते. पैसा मंजूर झालेला असतो, आराखडा ठरलेला असतो आणि मग 'लोकांचं मत जाणून घ्यायला' बैठक बोलावतात. लोक खुळे नसतात. कशासाठी बोलावलंय ते त्यांना बरोबर कळतं, चहा पिऊन ते घरी जातात. फोटोंबद्दलही नियम जुनाच आहे. रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी 1994 मध्ये दहा कलमांची आचारसंहिता केली. तिचं दहावं कलम म्हणतं की प्रसिद्धीत आपद्ग्रस्त हे हताश जीव म्हणून दिसू नयेत, प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दिसावेत. मला हे माहीत होतं आणि तरीही मी तो फोटो काढला.

आता न पटणाऱ्या प्रथेबद्दल. मान राखायचा म्हणजे सगळ्याला मान डोलवायची, असं मला वाटत नाही. 'आमच्यात असंच असतं' हे कोण म्हणतंय तेही बघावं. बरेचदा ज्याचं त्या प्रथेत काही बिघडत नाही, तोच समाजाच्या वतीने बोलत असतो. पण बाहेरच्याने हातात काठी घेतली की आतले कुरकुरणारेही प्रथेच्या बाजूने उभे राहतात.

सेनेगलचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. तिथे टोस्टान नावाची संस्था गावोगाव बायकांचे वर्ग घेते. आरोग्य आणि हक्क हे विषय असतात. मालिकुंडा बंबारा या गावच्या बायकांनी जुलै 1997 मध्ये मुलींचा खतना, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा, बंद करत असल्याचं जाहीर केलं. आजूबाजूची गावं चिडली. तेव्हा देम्बा दियावारा नावाच्या इमामांनी खरी गोम सांगितली: मुलींची लग्नं दुसऱ्या गावांत होतात, मग एकट्या गावाने थांबवून कसं चालेल? सगळ्या सोयऱ्यांनी मिळून ठरवायला हवं. मग ते स्वतः पायी गावोगाव फिरले, नात्यातल्यांशी बोलले आणि फेब्रुवारी 1998 मध्ये तेरा गावांनी एकत्र घोषणा केली. कुठल्याही आयांना 'तुम्ही क्रूर आहात' असं कुणी म्हटलं नाही. त्या बायका मुलींची लग्नं जमावीत, त्यांना समाजात स्थान मिळावं म्हणूनच ते करत होत्या, हे आधी मान्य केलेलं होतं. ही गोम बाहेरून गेलेल्याला सुचली असती असं मला वाटत नाही.

शेवटी दुभाष्याबद्दल, कारण तुम्हाला तिथली भाषा येत नाही. एखादी बाई दहा मिनिटं बोलते आणि दुभाषा सांगतो, "ती म्हणते, पाणी नाही." तिथे थांबून उरलेली साडेनऊ मिनिटं मागून घ्या. आणि दुभाषा गावातल्या वजनदार घरातला असेल तर बायकांशी बोलताना दुसरं कुणीतरी शोधा, शक्यतो बाईच.