दातांची विचारपूस : वरून कडक, खाली काय?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या खालच्या दाढेत दाताच्या रंगाचं फिलिंग केलं. डॉक्टरांनी थोडं थोडं भरत चार वेळा निळा दिवा धरला आणि उठताना म्हणाल्या, 'बधिरपणा गेला की जेवायला हरकत नाही.' पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या दाढेत चांदी भरली तेव्हा चोवीस तास त्या बाजूने चावायचं नाही, अशी ताकीद होती. वीस-वीस सेकंदांच्या उजेडाने एखादी वस्तू दाढेखाली टिकण्याइतकी कडक होते, हे मनाला पटत नाही. नखाने टोकरून पाहिलं, कडक लागलं. तेवढं पुरे का?

उत्तर : नखाचं वाचून हसू आलं, कारण प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं मीही तेच करत होतो. माझ्या हातात नखाऐवजी स्टीलचा प्रोब होता, एवढाच फरक. टोक टेकवलं, 'टिक' असा आवाज आला, की फिलिंग पास.

आधी चांदीचं बघू. ती म्हणजे पारा आणि चांदी-कथिलाची पूड यांचं मिश्रण. त्यांची आपसातली क्रिया सावकाश चालते आणि पूर्ण ताकद यायला दिवसभर जातो. म्हणून ती ताकीद. तुमच्या नव्या दाढेत आहे ते कंपोझिट, म्हणजे काचेची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. यातलं मुख्य रेझिन, बिस-जीएमए, अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी शोधलं. त्याचं पेटंट 1962 चं. नुसतं घेतलं तर इतकं दाट की हलवताना काडी वाकते, म्हणून त्यात दुसरं पातळ रेझिन मिसळतात. आणि त्यात चिमूटभर कॅम्फरक्विनोन असतं, पिवळंधमक. ते निळा उजेड शोषतं, साधारण 468 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त. उजेड शोषला की शेजारच्या अमाइन नावाच्या जोडीदार रसायनाशी त्याची क्रिया होते, त्यातून मुक्त मूलकं, म्हणजे दिसेल त्याला चिकटायला धावणारे रेणूंचे तुकडे, सुटतात आणि रेझिनचे रेणू एकमेकांचे हात धरू लागतात. हे सगळं काही सेकंदांत. म्हणून वीस सेकंदांचा अविश्वास तुम्ही सोडून द्या.

पण साखळ्या जसजशा गुंततात तसतशी उरलेल्या रेणूंना हलायलाच जागा राहत नाही, आणि क्रिया मध्येच थबकते. उत्तम दिवा, उत्तम हात असला तरी जुळू शकणाऱ्या बंधांपैकी साधारण निम्मे ते पाऊण जुळतात. शंभर टक्के कधीच नाही. दिवा बंद झाल्यावरही अंधारात थोडं काम चालू राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं फिलिंग खुर्चीवरून उठतानाच्या फिलिंगपेक्षा थोडं अधिक कडक असतं. जेवायला मात्र पहिल्या दिवसाचं पुरतं.

तुमचा खरा प्रश्न खोलीचा आहे, फक्त तुम्ही तो विचारलेला नाही. उजेड वरून येतो. वाटेत काचेची पूड तो विखुरते, रंगद्रव्यं तो गिळतात. दर मिलिमीटरला खाली पोचणारा उजेड घटत जातो, आणि गडद किंवा अपारदर्शक छटा असली तर आणखी भराभर. वरचा पापुद्रा दगडासारखा आणि तळ कच्चा, असं सहज घडतं. नख आणि प्रोब, दोघांनाही फक्त वरचाच थर भेटतो. वरून कीर्तन, आतून तमाशा!

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वरची दाढ होती, दोन दातांमधला कप्पा खोल होता आणि रुग्णाला तोंड फार वेळ उघडं ठेवता येत नव्हतं. थर देत बसायला नको म्हणून मी एकदमच भरलं, दिवा धरला, टिक ऐकलं. वर्षभराने त्या परत आल्या : तिथे काहीतरी अडकतं, वास येतो. मी बर, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचं फिरतं टोक, लावला. वरच्या दोनेक मिलिमीटरमधून पांढरी कोरडी भुकटी उडाली, व्हायला हवी तशीच. त्याखाली बरचा आवाज बदलला. भुकटी थांबली आणि बरच्या दातांत खोडरबराच्या वळ्यांसारखं काहीतरी गुंडाळून यायला लागलं. नव्याकोऱ्या नळीतून येतो तसा रेझिनचा वास! कार्डावर अक्षर माझंच होतं, त्यामुळे कोणाला बोल लावायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी रेडिओमीटर मागून आणला, म्हणजे दिव्याचा जोर मोजणारं छोटं यंत्र. तेव्हा हॅलोजनचे दिवे होते, आत पंखा घुरघुरणारे. माझा दिवा हवा त्याच्या निम्माही उजेड देत नव्हता. बल्ब काळवंडला होता, फिल्टर खराब झाला होता, आणि डोळ्यांना मात्र तो पहिल्या दिवशीइतकाच निळा दिसत होता. एलईडी दिवे इतक्या लवकर थकत नाहीत, पण टोकाला सुकलेलं कंपोझिट चिकटलं की त्यांचंही तेच होतं.

मग एक गंमत करून पाहिली, अजूनही विद्यार्थ्यांना करायला लावतो. सरबताची नळी घ्यायची, तिचा आठेक मिलिमीटरचा तुकडा कापायचा, काचेवर उभा धरून कंपोझिटने ठासून भरायचा आणि वरून वीस सेकंद दिवा. मग नळी चिरून काढायची आणि खालचं मऊ राहिलेलं प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने खरवडायचं. ते सुरुवातीला लोण्यासारखं निघतं, मग चामट होतं, मग पट्टी अडते. उरलेली कांडी मोजायची आणि तिचा निम्मा आकडा धरायचा. निम्मा का? कारण पट्टी अडली म्हणजे ते माल म्हणून कामाचं झालं असं नाही. कांडीचं खालचं टोक कसंबसंच जमलेलं असतं. आयएसओ 4049 या आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी याच धर्तीची आहे, आणि तिथेही उरलेल्या लांबीचे दोन भाग करतात. नेहमीच्या छटांना निदान 1.5 मिलिमीटर यावे लागतात, अपारदर्शकांना 1. दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, हा आमचा नियम याच हिशोबातला. बल्क-फिल म्हणून जे अधिक पारदर्शक प्रकार मिळतात ते चार मिलिमीटरपर्यंत चालतात, पण तेही दिवा नीट धरला तरच.

आणि दिवा धरणारा हात! खोल कप्प्याचा तळ दिव्याच्या टोकापासून सहा-आठ मिलिमीटर लांब असतो. काही दिव्यांचा जोर तेवढ्या अंतरात निम्म्याखाली येतो. टोक तिरकं झालं की एका बाजूला सावली पडते. मदतनीस डोळे दिपतात म्हणून मान फिरवतो आणि टोक दाढेवरून गालाकडे सरकतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता दिवा कोणाकडे देतच नाही. नारिंगी चष्मा डोळ्यांसाठी हवाच, पण मला तो हवा असतो कुठे धरलंय ते बघता यावं म्हणून.

तुमच्या डॉक्टरांनी चार वेळा दिवा धरला, याचा अर्थ त्यांनी थर दिले. ते काम नीट करणाऱ्याचंच लक्षण. तुमच्याकडून एवढंच : त्या वीस सेकंदांत मान हलवू नका, तोंड जमेल तितकं मोठं उघडा. आणि नख आवरा.

प्रश्न : मी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कितीही वेळ दिवा धरला तरी नमुन्याचा वरचा भाग बोटाला चिकट लागतो. दिवा खराब आहे का?

उत्तर : दिवा बरा असेल. हवेतला प्राणवायू मुक्त मूलकांना पळवतो, त्यामुळे हवेला लागलेला अगदी पातळ थर जमतच नाही. तो मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतका असतो. दोन थरांच्या मध्ये तो उलट कामाचा, पुढचा थर त्यात मिसळून जातो. म्हणून मधले थर पुसत बसू नकोस. शेवटच्या थरावर मात्र पारदर्शक पट्टी दाबून किंवा ग्लिसरीन लावून दिवा धर, किंवा नंतर पॉलिश करून तो काढून टाक. दातात भरल्यावर चिकटपणा वरवरचा नसून आत बोट रुतत असेल, तर आधी त्या दातात तात्पुरतं काय भरलं होतं ते विचार. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असलेलं सिमेंट तळाशी राहिलं असेल तर रेझिन तिथे नीट जमत नाही.

प्रश्न : जास्त वेळ दिवा धरला तर जास्त कडक होईल ना? मग सरळ एक मिनिट का धरत नाहीत?

उत्तर : एका मर्यादेपर्यंत होतं. दर चौरस सेंटिमीटरला 1000 मिलिवॉट देणारा दिवा वीस सेकंद धरला की 20 जूल पोचतात आणि दोन मिलिमीटरच्या थराला साधारणपणे तेवढे पुरतात. पुढे रेणूंनाच हलता येत नाही, तेव्हा उजेड ओतून उपयोग थोडा. उष्णता मात्र वाढत राहते, आणि दाताच्या आतला गर जिवंत असतो. खोल फिलिंगला जास्त वेळ लागणारच असेल तर मी वीस सेकंद धरतो, हवेचा झोत मारतो, पुन्हा वीस धरतो.