उत्तरायुष्यातला अल्बम आणि त्याचे चाहते : एका तरुण लेखिकेस पत्र

नौपाडा, ठाणे

प्रिय लेकीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी लिहिलेल्या लेखाचा खर्डा मी सावकाश वाचला. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'सेनजुत्सु' या सतराव्या स्टुडिओ अल्बमबद्दल ठाणे, कळवा, ऐरोली आणि घणसोली इथल्या चाहत्यांशी बोलून तू त्यांची मते टिपून घेतलीस, ही मेहनत मला मनापासून आवडली. परंतु पुढे तू त्या मतांचे 'आवडला' आणि 'नाही आवडला' असे दोन ढीग केलेस, डोकी मोजलीस आणि नाराज मंडळी जास्त निघाली म्हणून 'या बँडने आता थांबायला हवे होते' असा निकाल देऊन मोकळी झालीस. ही घाई तुझ्या हातातल्या सामग्रीवर अन्याय करणारी आहे. माझे सांगणे एवढेच आहे की प्रत्येक प्रतिक्रिया संगीतातल्या नेमक्या कोणत्या जागेकडे बोट दाखवते ते तू शोधावेस, आणि जी प्रतिक्रिया अशी कोणतीच जागा दाखवू शकत नाही, ती बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्याविषयी आहे असे समजून तिचा हिशेब वेगळा मांडावास. दोन्ही गोष्टी छापण्याजोग्या आहेत. त्यांची सरमिसळ मात्र होऊ देऊ नये.

जुन्या चाहत्यांपासून सुरुवात कर. तू ज्यांना भेटलीस त्यांतले बरेच जण १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात झालेल्या मेडनच्या कार्यक्रमाला गेलेले आहेत. त्या वर्षीच्या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता, आणि दौराच मुळी ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा असल्यामुळे, ज्या गाण्यांच्या कॅसेट घासून घासून पाठ झाल्या होत्या तीच गाणी त्यांना त्या रात्री हजारोंच्या गर्दीत, गळा बसेपर्यंत ओरडत ऐकायला मिळाली. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली ही माणसे आज चाळिशीच्या आसपास पोचली आहेत. 'सेनजुत्सु' आला तो ३ सप्टेंबर २०२१ रोजी. लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी लोकल सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि बहुतेकांनी हा अल्बम घरात, एकट्याने, कानात हेडफोन घालून, ऑफिसच्या कामाच्या मध्येच कधीतरी ऐकला. त्यांच्या मनातली तुलना 'सेनजुत्सु' आणि १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा अल्बम यांच्यात आहे असे तू लिहिले आहेस, पण मला वाटते की ती तुलना २०२१ मधली आपली खोली आणि २००८ मधले ते मैदान यांच्यात आहे. 'पूर्वीची मजा राहिली नाही' हे वाक्य तुझ्या टिपणांत अनेकदा आले आहे. ते म्हणणाऱ्या प्रत्येकाला तू आदरानेच, पण न चुकता विचारायला हवे होते की कोणत्या गाण्यात, कितव्या मिनिटाला मजा गेली.

आता लांबीच्या तक्रारीकडे येतो, कारण तुझ्याकडे आलेल्या तक्रारींत ती सर्वांत मोठी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. अल्बममध्ये दहा गाणी आहेत आणि तो सुमारे ८२ मिनिटांचा आहे. बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने एकट्याने रचलेली चारही गाणी नऊ मिनिटांपेक्षा मोठी आहेत आणि त्यांतली तीन, म्हणजे 'डेथ ऑफ द सेल्ट्स', 'द पार्चमेंट' आणि 'हेल ऑन अर्थ', शेवटी एकापाठोपाठ एक ठेवली आहेत. ती तिन्ही मिळूनच चौतीस मिनिटे होतात. म्हणजे तक्रारीला पत्ता आहे. परंतु 'सगळी गाणी लांबच लांब आहेत' असे जे तू एकाच्या तोंडी घातले आहेस ते खोटे आहे, कारण 'डेज ऑफ फ्युचर पास्ट' चार मिनिटांचे आहे आणि 'स्ट्रॅटेगो' पाच मिनिटांत संपते. शिवाय लांबी हा काही म्हातारपणी जडलेला दोष नव्हे. १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' मधले, इंग्रजी कवी कोलरिजच्या कवितेवर रचलेले शेवटचे गाणे तेरा मिनिटांहून मोठे आहे, आणि लांबीची तक्रार करणारे हेच चाहते त्या गाण्यापुढे हात जोडतात. मग कंटाळा नेमका कशाचा आला, हा प्रश्न उरतो आणि तुझ्या लेखाचा गाभा तोच आहे.

माझ्या कानाला असे वाटते की १९८४ च्या त्या गाण्यात प्रत्येक भाग पुढच्या भागाची गरज निर्माण करतो, तर 'द पार्चमेंट' मध्ये एक भरदार, पौर्वात्य वळणाची सुरावट आधी मनात ठसवली जाते आणि मग तिच्यावर तिन्ही गिटारवादकांच्या एकल वादनाच्या पाळ्या लागतात, ज्या सुट्या सुट्या सुंदर असल्या तरी गाण्याला पुढे नेत नाहीत. हे गाणे दोन-तीन मिनिटांनी कमी केले असते तर त्याचे काहीच बिघडले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. 'हेल ऑन अर्थ' ची गोष्ट अगदी निराळी. त्याच्या सुरुवातीला दोन मिनिटांहून अधिक काळ बास आणि स्वच्छ आवाजातली गिटार यांचीच शांत सुरावट चालते, आणि पुष्कळांनी इथेच बोटाने गाणे पुढे सरकवलेले असते. पण ती शांतता अंगात मुरल्यावर जेव्हा ड्रम्स आणि तिन्ही गिटार एकदम घोडदौड सुरू करतात, तेव्हा त्या वेगाची किंमत कळते. मध्ये सगळे पुन्हा निवते, गायक ब्रूस डिकिन्सन जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा गातो, तिथून सगळे वाद्यमंडळ परत चढत जाते आणि शेवटी आरंभीच्याच सुरावटीत विरघळते. या गाण्यातला एकही भाग मी काढू देणार नाही. दोन्ही गाण्यांचा रचनाकार तोच आहे, अल्बम तोच आहे आणि लांबी जवळपास सारखी आहे. तरी एकाबद्दलची तक्रार मला मान्य आहे आणि दुसऱ्याबद्दलची नाही. तुझ्या वाचकालाही असा भेद करता यावा इतका तपशील तू दिला पाहिजेस.

आवाजाबद्दल तू जमवलेल्या मतांत दोन टोके आहेत. काही म्हणतात की डिकिन्सनचा आवाज गेला, आणि काही म्हणतात की साठीतल्या माणसाने इतके गावे हीच कमाल आहे. ही दोन्ही वाक्ये ऐकण्याचे कष्ट वाचवतात, आणि त्यांतले दुसरे मला अधिक खटकते, कारण सवलतीचे गुण देऊन पास केलेल्या कलावंताचा त्यात मान राहत नाही. आधी घटनाक्रम नीट समजून घे. डिकिन्सनला जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगाची बातमी फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाली आणि रेडिएशन व केमोथेरपीनंतर त्याच वर्षी तो बरा झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुक ऑफ सोल्स' चे ध्वनिमुद्रण निदानाच्या आधीच, २०१४ मध्ये उरकले होते. याचा अर्थ, २०१९ मध्ये पॅरिसमध्ये मुद्रित झालेला 'सेनजुत्सु' हा उपचारांनंतर त्याने बँडसोबत स्टुडिओत गायलेला पहिलाच अल्बम आहे. दयेसाठी ही माहिती देऊ नकोस. वाचकाने काय ऐकायचे हे त्याला कळावे म्हणून दे. आपल्या गडकरी रंगायतनात राम मराठे स्मृती समारोहाच्या मध्यंतरात वयोवृद्ध गायकाबद्दल जाणकार काय बोलतात ते आठव : आवाज पूर्वीचा राहिला नाही हे वाक्य तर येतेच, पण लगेच पुढे, बुवांनी तार सप्तक टाळून मंद्रात रागाची मांडणी कशी केली, याची चर्चा सुरू होते. तोच कान इथे लाव. जिथे हॅरिसची चाल डिकिन्सनला वरच्या पट्टीत दीर्घकाळ ताणून धरते तिथे आवाज आवळलेला जाणवतो, हे खरे आहे. उलट गिटारवादक एड्रियन स्मिथसोबत रचलेल्या 'द रायटिंग ऑन द वॉल' मध्ये आणि 'डार्केस्ट अवर' च्या समुद्राची गाज व पक्ष्यांच्या आवाजानंतर येणाऱ्या पहिल्या ओळींत तो खालच्या आणि मधल्या स्वरांत इतका जाडसर, अनुभवी रंग भरतो, की तो रंग त्याच्या विशीतल्या गळ्यात असणे शक्यच नव्हते.

ध्वनिमिश्रण गढूळ आहे, तिन्ही गिटार एकमेकींत मिसळून जातात, ही तक्रार तू एका ओळीत उडवून लावलीस. तसे करू नकोस. निर्माता केव्हिन शर्ली २००० सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पासून या बँडसोबत आहे आणि ही कुरबुरही बरीच जुनी आहे. तक्रार करणाऱ्याने अल्बम रबाळे ते ठाणे अशा लोकलमध्ये स्वस्त इअरफोनवर ऐकला की घरी चांगल्या स्पीकरवर, हे अवश्य विचार, पण सगळा दोष इअरफोनच्या माथी मारू नकोस. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकन बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला तेव्हा आवाज कमालीचा दाबून कर्कश केल्याची तक्रार चाहत्यांनीच केली होती, आणि एका व्हिडिओ गेममध्ये आलेली त्याच गाण्यांची मोकळी ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ती त्यांनीच सिद्धही करून दाखवली. सामान्य श्रोत्याचा कान तांत्रिक बाबतीतही अचूक असू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

प्रत्येक मतापुढे ते कधी दिले गेले याची नोंद कर, हा माझा आग्रह आहे. २००६ च्या दौऱ्यात मेडनने तेव्हाचा नवा अल्बम मंचावर अथपासून इतिपर्यंत वाजवला, तेव्हा जुन्या गाण्यांसाठी ओरडणारे प्रेक्षक होतेच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात 'सेनजुत्सु' मधली पाच गाणी होती, आणि कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांच्या आग्रहाखातर पुन्हा मंचावर येऊन वाजवायच्या गाण्यांची (एन्कोरची) सुरुवात त्यांनी 'हेल ऑन अर्थ' ने केली. दोन वर्षांपूर्वी ज्या गाण्याची दोन मिनिटे कुणाला सोसवत नव्हती, त्याच गाण्याची लोक आता वाट पाहत होते. पहिल्या रात्रीचे मत आणि दोन वर्षांनंतरचे मत ही एकाच माणसाची असली तरी तू त्यांना दोन स्वतंत्र साक्षी समजावेस.

तारखांच्याच संदर्भात एक चूक दुरुस्त कर. 'ड्रमर निको मॅकब्रेन आजारी होता म्हणून अल्बम संथ झाला' असे एका गृहस्थांचे म्हणणे तू तसेच छापायला निघाली आहेस. मॅकब्रेनला पक्षाघाताचा झटका आला तो जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे अल्बमचे मुद्रण होऊन जवळपास चार वर्षे झाल्यावर. त्यानंतरही तो उभा राहिला, आपल्याला जमेल तसे वादन बदलून दौऱ्यावर गेला आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी साओ पाउलो येथे त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला. त्या गृहस्थांशी तू यानंतर बोललीस, त्यामुळे त्या निरोपाचे दुःख त्यांच्या मतात मागाहून झिरपले असावे. त्यांचे दुःख खरे आहे आणि ते जरूर लिही, पण त्याला संथपणाचे कारण म्हणून उभे करू नकोस.

शेवटी तुझ्या स्वतःच्या पिढीविषयी. तुझ्या मित्रमैत्रिणींना तू दोन ओळींत गुंडाळले आहेस, जणू त्यांच्या मताला वजनच नाही. घणसोलीची ती बास वाजवणारी मुलगी सांगते, की 'हेल ऑन अर्थ' बसवताना डाव्या हाताला काहीच अडचण आली नाही, परंतु हॅरिससारखी पिक (तारा छेडायची चकती) न वापरता दोन बोटांनी ती घोडदौड वाजवताना आठव्या मिनिटाला मनगट भरून आले आणि तिला थांबावे लागले. हेच सगळे हॅरिस ध्वनिमुद्रणाच्या वेळी बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा असताना वाजवत होता. तुझ्या सगळ्या टिपणांत हे मत मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते थेट हाताने तपासलेले आहे. लेखाचा आरंभ तिच्यापासून कर आणि तिला निदान एक पूर्ण परिच्छेद दे.

'थांबायला हवे होते' हा शेवटचा परिच्छेद काढून टाक. त्याच्या जागी, अल्बम चौथ्या गाण्यावर बंद केला असे अभिमानाने सांगणारे कळव्याचे जे काका आहेत, त्यांच्याकडे एकदा पुन्हा जाऊन ये. चौथे गाणे 'लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड' आहे, आणि ते मलाही या अल्बममधले सर्वांत अशक्त वाटते, तेव्हा तिथे त्यांचा धीर सुटला असेल तर त्यांना दोष देता येत नाही. त्यांना एवढेच विचार, की त्यानंतर कधी ते दहाव्या गाण्यापर्यंत पोचले का. पोचले असतील तर त्यांचे नवे मत जुन्या मताशेजारी छाप. पोचले नसतील तर तसे स्पष्ट लिही आणि त्यांची नाराजी पहिल्या चार गाण्यांपुरतीच मोज. दुरुस्त केलेला खर्डा अंक छापायला जाण्याच्या आठवडाभर आधी माझ्याकडे पाठव, म्हणजे मला तो निवांत वाचता येईल.

तुझा,
काका